बिनपायांचं घराणं

३ जानेवारी

नवीन नोकरीचा पहिला दिवस, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आतच मला नवीन नाव पडलं: दवाखाना.

इतकी वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काढली. लोकांच्या रक्तातला डीएनए वाचायचा, कोणता आजार आईकडून आला, कोणता वडिलांकडून, ते कागदावर लिहायचं आणि कागद वरच्या मजल्यावर पाठवून द्यायचा. तो ज्यांच्या हातात पडायचा त्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. शेवटी शेवटी ते न पाहिलेले चेहरेच डोळ्यांपुढे यायला लागले. मग सोडलं. प्राणिसंग्रहालयात नव्हे, मेलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात डीएनएची नवी खोली उघडतायत, पगार कमी आहे, असं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाली निदान रिपोर्ट कधी मिळणार म्हणून फोन करणार नाहीत." झालं, ठरलं.

खोली मुळात अडगळीची. एका खिडकीला काच, दुसरीला पुठ्ठा. वर्षभरात काही करून दाखवलं नाही तर ती परत अडगळीची होणार, हे संचालकबाईंनी हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. शेजारच्या दालनात छताला भिडलेल्या मांडण्या, आणि त्यांवर बरण्याच बरण्या. आत साप, सरडे, पाली, बेडूक, कासवं. सगळे पिवळट पडलेले, सगळ्यांची तोंडं काचेला लागलेली. गाडी चुकलेले प्रवासी वाटतात.

त्या दालनाचे राजे म्हणजे सर. सरपटणाऱ्या आणि बेडूकवर्गातल्या प्राण्यांवर त्यांच्याइतका अधिकार कोणाचा नाही म्हणे. उंच, वाकलेले, मांडणीच्या कडेवरून हात फिरवत सावकाश चालतात, जणू धूळ तपासतायत. संचालकबाईंनी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत विचारलं, "कुठून आलात?"

"हॉस्पिटलमधून."

"अच्छा. दवाखाना." आणि वळून चालते झाले.

मीही काही कमी नाही. या वहीत त्यांचं नाव घोरपड. एकदा एखाद्या मताला चिकटले की निघत नाहीत, असं शिपाईदादांनी मला चहा देताना सांगून ठेवलंय.

१२ जानेवारी

यंत्रं मांडून झाली. नमुने गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज सुरू केलं की शेजारच्या बरण्या किणकिणतात. घोरपड दारात येऊन म्हणाले, "माझ्या बेडकांना थंडी वाजायला लागली."

मग खिशातून एक लहानशी कुपी काढून माझ्या टेबलावर, टेबलाच्या अगदी कडेला ठेवली. मी धरली नसती तर खाली गेली असती. आत मांसाचा नखाएवढा तुकडा.

"बागेत खणताना माळ्याच्या फावड्याखाली आलं. कोणाचं आहे ते सांगा. तुमचं यंत्र शहाणं असेल तर त्याला कळेल."

म्हणजे माझी परीक्षा. बरं.

३० जानेवारी

तुकड्यातून डीएनए काढला, पीसीआर यंत्रात प्रती काढून वाढवला, अक्षरं वाचायला बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. आज उत्तर आलं. जगातल्या साठवलेल्या सगळ्या डीएनएशी ते ताडून बघितलं. जुळलेला प्राणी: माणूस.

म्हणजे मीच. कुठेतरी हातमोजा फाटला असणार, नाहीतर शिंकले असेन. हॉस्पिटलमध्ये हे लक्षातही आलं नसतं, तिथे सगळी माणसंच.

लपवावं असं मनात आलं होतं. मग म्हटलं, पहिल्याच महिन्यात खोटं कशाला. जाऊन सांगितलं. घोरपड खुर्चीत मागे रेलून हसले. त्यांना हसता येतं हे आज कळलं. "अभिनंदन! माळ्याने बागेत तुम्हाला खणून काढलं तर."

पुन्हा करणार.

२१ फेब्रुवारी

जमलं! दुसऱ्यांदा नवे मोजे, नवी कुपी, श्वास रोखून काम. उत्तर बेडकांच्या घराण्याजवळ जाऊन बसलं. बेडकांमध्ये नव्हे, शेजारी. जुन्या काळी वेगळी चूल मांडलेल्या भावाचं घर असावं तसं.

"देवगांडूळ," मी सरांना म्हणाले. (कालपर्यंत हा शब्दही ठाऊक नव्हता. गांडुळासारखं दिसतं, सापासारखं वळवळतं, आणि नातं बेडकाशी.)

"माळ्याने साप म्हणून ठेचलं, शिपाई गांडूळ म्हणाला," सर म्हणाले. "तुमच्या यंत्राने बरोबर ओळखलं. बसा."

आणि मला खुर्ची दाखवली. पहिल्यांदाच. मग त्यांनी वरच्या फळीवरच्या बरण्या एकेक करून मला उतरवायला लावल्या आणि चिठ्ठ्या वाचायला सांगितल्या. "मोठ्याने वाचा. नावं तोंडात बसली पाहिजेत." शाळेत उभं करून पाढे म्हणायला लावत तसं. मी वाचत गेले, ते डोळे मिटून ऐकत होते, आणि एखाद्या नावावर हात उचलून त्या प्राण्याची गोष्ट सांगायचे. दुपार कशी गेली कळलं नाही. शिकवण्याची हौस आहे माणसाला. पण अहंकारही तेवढाच. माझे निकालाचे कागद पुढे केले तर हातानेच बाजूला सारले. "ते तुमचं तुमच्याकडे ठेवा."

४ मार्च

रात्री जेवताना सांगितलं की मगर ही सरड्यापेक्षा कोंबडीला जवळची. डीएनए तसंच म्हणतो.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "काहीतरीच काय!"

"खरंच आई. मगर आणि पक्षी एका आजीची नातवंडं. सरडा दूरचा."

"दिसायला तर सरडाच आहे ना ती?"

"दिसण्यावर नसतं."

नवरा म्हणाला, "माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा आपल्या पोस्टमनसारखा जास्त दिसतो." सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की विषय तिथेच संपला.

मला मात्र झोपायला जाईपर्यंत तेच मनात घोळत होतं. आपण इतकी वर्षं तोंडवळ्यावरून नाती लावत आलो. आणि आत कुठेतरी सगळं लिहिलेलं होतं, आपल्याला वाचता येत नव्हतं इतकंच.

१९ मार्च

आज सरांनी त्यांचं खरं प्रकरण काढलं.

त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एक झाड रंगवलंय, फांद्या-उपफांद्यांचं. सापसुरळ्यांचा वंशवृक्ष. सापसुरळी म्हणजे ती चकचकीत, लांबुडकी, बिचकून पानांत शिरणारी. तिला चार लहान पाय असतात. पण आपल्या उत्तरेच्या, मधल्या आणि दक्षिणेच्या, अशा तीन डोंगरांवर बिनपायाच्या सापसुरळ्याही आहेत. लोक साप म्हणून मारतात. सर म्हणतात, पापणी लवते की नाही बघावं, सापाला पापणी नसते.

सरांचं म्हणणं असं: खूप पूर्वी एका सापसुरळीच्या वंशात पाय गेले. मातीत शिरून राहायचं तर पाय मध्ये येतात. मग तिची लेकरं तिन्ही डोंगरांवर पसरली. म्हणजे तिन्हीकडच्या बिनपायाच्या या सख्ख्या बहिणी. खवले, कवटी, कानाचं भोक, सगळं सारखं. हे त्यांनी तरुणपणी मांडलं आणि अजून ते कोणी खोडलेलं नाही. पुस्तकांत तेच शिकवतात.

"आता तुम्ही डीएनएने पडताळा," म्हणाले.

"आणि वेगळं निघालं तर?"

"तर सांगा."

मला वाटतं, वेगळं निघणारच नाही अशी त्यांची खात्री आहे. नाहीतर कोण असं सहज बोलेल?

८ एप्रिल

उत्तरेच्या डोंगरावर जाऊन आले. सर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. कालच मी त्यांना जिना चढताना पाहिलंय, चांगले चढत होते. कठड्याला धरून, पण चांगले.

वनरक्षकाबरोबर दिवसभर दगड उलटले. जुन्या बरण्यांतले प्राणी फॉर्मलिनमध्ये ठेवल्यामुळे त्यांच्या डीएनएचा भुगा झालाय, म्हणून ताजं काही हवं. सापसुरळीची एक मोठी सोय: धरली की शेपटीचं टोक टाकून पळते, आणि पुन्हा वाढवते. तेवढंच मला पुरतं. तिला जीवदान, मला नमुना.

पहिली माझ्या हातात आली तेव्हा मी किंचाळले. वनरक्षक इतका हसला की त्याच्या हातातली निसटली.

१६ मे

मधल्या आणि दक्षिणेच्या डोंगरावरचे तुकडेही आले, उत्तरेसारखेच पायवाल्यांचे आणि बिनपायांचे दोन्ही. सरांनी एक खास बरणी दिली: दक्षिणेच्या डोंगराच्या मागच्या उतारावरची एकुलती एक सापसुरळी, त्यांनीच तरुणपणी पकडलेली, नशिबाने नुसत्या स्पिरिटमध्ये ठेवलेली. तिला पाय आहेत, पण तांदळाच्या दाण्याएवढे, प्रत्येकी दोन बोटांचे. सर म्हणतात, ही अर्ध्या वाटेवरची. पाय जाता जाता राहिलेली. त्यानंतर कोणालाच ती पुन्हा दिसली नाही.

बरणी उघडून त्यांनी तिला तळहातावर घेतलं आणि अंगठ्याच्या टोकाने पोटाखालून हलकेच चाचपलं. "इथून घ्या, मांडीजवळून. पायाला धक्का लावू नका." इतकं मऊ बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. मेलेल्या प्राण्याशी एवढी माया आणि जिवंत माणसाकडे नजर वर करून बघायचं नाही!

२ जुलै

निकाल आला.

तीनदा तपासला. तीन वेगळ्या जनुकांवर वेगवेगळा लावून बघितला. दरवेळी तेच झाड.

उत्तरेची बिनपायाची ही उत्तरेच्याच पायवालीची बहीण. मधली मधल्या पायवालीची. दक्षिणेच्या बिनपायांचा गोतावळा मोठा, पण तोही दक्षिणेच्या पायवालीपासूनच निघालेला. तिघींचं आपसांत काहीच नाही. पाय एकदा गेले नाहीत. तीन ठिकाणी, तीन वेळा, आपापले गेले.

म्हणजे सरांचं झाड चूक.

काय विचित्र वाटलं सांगू? आधी आनंद झाला. इतका की खोलीत उभ्या उभ्या टाळी वाजवली. तीन डोंगर, तीन वेगळी घराणी, आणि मातीने तिघींना घडवून घडवून एकाच साच्यात आणलं! आणि मग शेजारच्या दालनातून बरणी सरकवल्याचा आवाज आला. आता हा रिपोर्ट वरच्या मजल्यावर पाठवायचा नाही. शेजारच्या खोलीत स्वतः नेऊन द्यायचाय.

आज नाही दिला.

६ जुलै

आजही नाही. डोकं दुखतंय असं सांगून लवकर आले.

९ जुलै

दिला. आणि सगळं विचकलं.

झाड मोठ्या कागदावर छापून नेलं. सरांपुढे पसरलं. म्हटलं, "सर, बघा."

त्यांनी कागदावर हात ठेवला, बघितल्यासारखं केलं, म्हणाले, "हं. ठेवून जा."

"आत्ता बघा ना. महत्त्वाचं आहे."

"ठेवून जा म्हणालो ना."

इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. माझा एक कागद या माणसाने वाचलेला नाही. मी म्हणाले, "तुमच्या मनासारखं आलेलं नाहीये, म्हणून बघायचं नाही. हो ना? बघायची हिंमतच नाही तुमच्यात."

ते उठले, नेहमीसारखे कडेकडेने दाराकडे निघाले. पण मी बसायची खुर्ची तिथे मध्येच ओढलेली होती. तिला अडखळले, हात मांडणीवर आपटला आणि एक बरणी खाली आली. स्पिरिटचा भपकारा. ते गुडघ्यांवर बसून काचांमध्ये हात फिरवायला लागले, बेडूक शोधत. बेडूक त्यांच्या बुटाशी पडला होता. मी उचलून दिला. बोटांतून रक्त येत होतं.

"जा तुम्ही," एवढंच म्हणाले.

इतका राग! रागाने माणूस असा आंधळा होतो.

१० जुलै

सर आले नाहीत.

संध्याकाळी सासूबाई ओट्याशी वाटाणे सोलत होत्या. मी शेजारी बसून सगळं भडाभडा सांगितलं. कागद न बघणं, खांद्यावरून बघणं, चिठ्ठ्या वाचायला लावणं, काचा. त्या सोलता सोलता थांबल्या.

"अगं, त्या माणसाला दिसत नाहीये."

"काय?"

"तुझे सासरे असेच. रोज सकाळी पेपर उघडून बसायचे. मी विचारायची, काय विशेष? मग रेडिओवर ऐकलेली बातमी सांगायचे. कोणाला कळू दिलं नाही. एक दिवस बघते तर पेपर उलटा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सुलटा करून हातात दिला. म्हटलं, वारा सुटलाय, नीट धरा." त्यांनी पुढची शेंग उचलली. "बायको होते मी, तरी मला वर्षभर कळलं नव्हतं. तू कशाला वाईट वाटून घेतेस?"

पण वाटतंय. इतकं वाटतंय की जेवण गेलं नाही. टेबलाच्या कडेला ठेवलेली कुपी. धूळ तपासणारा हात. गुडघे. सगळं याच वहीत लिहिलंय मी, माझ्याच अक्षरात. रिपोर्ट वाचणं हा माझा धंदा म्हणे!

११ जुलै

सकाळीच संचालकबाईंकडे गेले. म्हटलं, सरांच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे का?

त्यांनी दार लावून घेतलं. "त्यांनी स्वतः सांगितलंय, मला एकटीला. मधलं आता जवळजवळ काहीच दिसत नाही, कडेकडेचं थोडं. वाढत जाणारं आहे. खवले मोजता येईनात तेव्हाच ते माझ्याकडे आले."

"रजेसाठी?"

"तुमच्यासाठी." माझा चेहरा बघून त्या हसल्या. "या डीएनएच्या खोलीसाठी माझ्या मागे कोण लागलं होतं असं वाटतं तुम्हाला? मी म्हटलं, सर, यात तुमचंच काम खोटं ठरू शकतं. म्हणाले, ठरू दे. पण मला उत्तर कळायच्या आत दिवा जाऊ नये."

जिन्यात येऊन बसले थोडा वेळ. शिपाईदादा चहा घेऊन आले, काही न विचारता पायरीवर ठेवून गेले.

१७ जुलै

सर अजून येत नाहीत. मी घरी एक उद्योग मांडलाय. निकाल नुसता बोलून सांगता येईल, पण झाड ऐकून कळत नाही. कोणाची फांदी कोणाच्या आत, हे तोंडी सांगताना माझाच गोंधळ होतो. तर लाकडी फळीवर जाड कापड ताणलं आणि लोकरीने फांद्या शिवायला घेतल्या. माझं शिवण बघून सासूबाईंनी सुई काढूनच घेतली. "सरक. हे झाड आहे की केस विंचरायचे राहिलेत?"

जिला पाय आहेत तिच्या फांदीच्या टोकाला गाठ. जिला नाहीत तिचं टोक गुळगुळीत.

"ही कोण?" दर टोकाला विचारतात. "आणि हिचे पाय गेले कसे?" "हिला कळलं असेल का, आपले पाय चाललेत ते?" म्हटलं, आई, लाखो वर्षं लागतात. "मग बरं," म्हणाल्या. "एकदम गेले तर फार वाईट."

२० जुलै

आज सुट्टी घेतली. फळी कापडात गुंडाळून सरांच्या घरी गेले. एकटेच राहतात. तिसरा मजला. दार उघडलं, बोटांना पट्ट्या.

"कोण?"

"दवाखाना."

ते बाजूला झाले. "आत या. डावीकडे स्टूल आहे, तिथेच असू द्या."

खोलीत सगळं भिंतीला लावलेलं, मध्ये मोकळी वाट. टेबलावर रेडिओ, पुस्तकं नाहीत. पुस्तकं कोपऱ्यात दोरीने बांधून ठेवलेली.

"सर, त्या दिवशी मी जे बोलले—"

"ते राहू द्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. फिट्टंफाट. कागदावर काय होतं?"

मी फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा हात धरून बुंध्याशी नेला. "इथून सुरुवात. गाठ आहे तिथे पाय. गाठ नाही तिथे नाहीत. डावीकडे उत्तरेचा डोंगर."

हॉस्पिटलमध्ये एवढी वर्षं हेच टाळलं होतं मी. समोर बसून कोणाच्या चेहऱ्यावर उत्तर पोचताना बघणं. आता पळायला जागा नव्हती.

त्यांची बोटं वर सरकली. उत्तरेच्या फाट्यावर थांबली. एक टोक गाठीचं, एक गुळगुळीत, शेजारी शेजारी. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. मग मधला डोंगर. गाठ, गुळगुळीत. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग दक्षिण.

"एकदा," ते हळूच म्हणाले. "दोनदा. तीनदा."

"हो, सर."

"किती पक्कं?"

"तीन जनुकं वेगवेगळी लावली. तिन्हींचं एकच म्हणणं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. ती सुरू होऊन निघून जाईपर्यंत सर तिन्ही गुळगुळीत टोकं पुन्हा पुन्हा चाचपत होते.

"अर्धं आयुष्य मी तिघींना सख्ख्या बहिणी म्हणत आलो," ते म्हणाले. "आणि त्या एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत!" आणि हसले. माणूस बागेत खणून निघाला तेव्हा हसले होते तसे.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. आत्ता वाटतंय. पण ते सावकाश वाटून घेईन." त्यांचं बोट दक्षिणेच्या गोतावळ्यात खोलवर जाऊन अडलं होतं. "थांबा. ही गाठ इथे काय करतेय?"

"ती तुमची दोन बोटांची."

"शिवताना चुकली असेल."

"सासूबाई शिवताना चुकत नाहीत."

"मग ही अर्ध्या वाटेवरची नाही." ते ताठ बसले. "अर्ध्या वाटेवरची असती तर बुंध्याजवळ निघाली असती. ही तर बिनपायांच्या घराण्यात जन्मलेली. आई बिनपायाची, आजी बिनपायाची, मावश्या बिनपायाच्या. आणि हिला पाय!"

"दोनच अर्थ निघतात," मी म्हणाले. "एक तर तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी पुन्हा वेगवेगळे पाय घालवले, आणि हिच्यात राहिले. नाहीतर—"

"नाहीतर गेलेले परत आले."

मी विचारलं, "असं होतं?"

"आम्हाला शिकवलं, होत नाही. गेलं ते गेलं." त्यांनी ती एवढीशी गाठ दोन बोटांत धरली. "पण आम्हाला पुष्कळ काही शिकवलं. बाई, हिचे पाय ती वापरते का हो?"

"मला कसं ठाऊक असणार? बरणीत आहे ती."

"मलाही ठाऊक नाही. मी पकडली तेव्हा घाईत पिशवीत टाकली आणि थेट स्पिरिटमध्ये. नुसते राहून गेलेले पाय असतील तर ते लोंबतील. नव्याने कमावलेले असतील तर कामाला येतील. पुरावा नव्हे म्हणा, पण बघायला नको?"

'बघायला' म्हणाले आणि तसेच पुढे बोलत राहिले.

२ ऑगस्ट

संचालकबाई आधी नाही म्हणाल्या. सरांना डोंगरावर न्यायचं म्हणजे जोखीम. सरांनी त्यांना सांगितलं, "मी दालनात पडतोच आहे, तिकडे निदान खाली गवत असेल." नवरा गाडी चालवायला तयार झाला. सासूबाईंनी डबा दिला आणि विचारलं, तिचे पाय परत आले असतील तर मला फोन करशील ना?

१४ ऑगस्ट

दक्षिणेचा डोंगर, मागचा उतार. तिसरा दिवस.

पहिले दोन दिवस नुसते दगड. नवऱ्याला विंचू दिसला, तेव्हापासून तो गाडीतून उतरायला तयार नाही. सर एका आडव्या खोडावर बसून सांगायचे: ओढ्यापासून वर, जिथे पानांचा थर ओला आणि खालची माती भुसभुशीत, तिथे बघा. मी बघायचे. नमुने मिळाले, पण सगळ्या बिनपायाच्या. काल संध्याकाळी मी मनातल्या मनात हरले होते. एकच मिळाली होती ती, तीही कितीतरी वर्षांपूर्वी. उतारावरची निम्मी झाडं आता नाहीत.

आज दुपारी एका कुजक्या ओंडक्याखाली एक चकचकीत शेपटी वळली. दोन्ही हात मातीसकट तिच्यावर टाकले. किंचाळले नाही. मूठ थोडी उघडून बघितलं आणि तिथूनच ओरडले, "सर! गाठ आहे!"

धावत खोडापाशी आले. सरांनी शर्टाला हात पुसले आणि दोन्ही तळवे जोडून पुढे केले, ओंजळ धरतात तसे. मी तिला त्यात सोडली. ती जिथल्या तिथे थिजून राहिली. मला वरून नुसती पाठ दिसत होती, तपकिरी, ओली, चमकणारी. पाय अंगाखाली कुठेतरी. मी खाली वाकून, मान वाकडी करून बघितलं, तरी काही कळेना.

"हलते का?" मी विचारलं.

"शू."

ती हळूच पुढे सरकली. सापासारखीच, अंग वळवत. मला वाटलं, संपलं, लोंबतेच आहे. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"तुम्हाला काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"सरपटतेय, सर."

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका खाली आला होता की मला त्यांच्या ओठांजवळ जावं लागलं. "चालतेय. पुढचा डावा टेकला... आता मागचा उजवा. ढकलतेय मला. दोन दोन बोटांनी. बाई, ती माझ्या हातावरून चालतेय."

मी तिच्या शेपटीचं टोक घेतलं. मग सरांनी ओंजळ पानांपाशी टेकवली आणि ती जाईपर्यंत हात तसाच धरून ठेवला. ती गेल्यावरही ते बराच वेळ तळवा उघडा ठेवून बसले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाले, थांबा जरा, अजून जाणवतंय.